उणे साठ टक्के म्हणजे किती? सोलापुरातून पाहिलेल्या बातम्या

आमच्या घरी अजून केबलच आहे. २०१९ साली लागू झालेल्या दरपद्धतीनुसार मूळ जोडणीचे शुल्क आणि त्यावरचा जीएसटी एवढ्यात सह्याद्रीसह बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या येऊन जातात. खरे पैसे लागतात ते मालिका आणि क्रिकेट पाहण्यासाठी. सुताच्या पेढीवर पस्तीस वर्षे हिशेब लिहिण्यात गेल्यामुळे जवळजवळ फुकट मिळणाऱ्या मालाकडे संशयाने पाहण्याची सवय मला लागलेली आहे. निवृत्तीनंतर गेली काही वर्षे संध्याकाळचे दोन तास मी नेमाने बातम्या पाहतो. सोलापूरच्या पाण्याविषयी, मजुरांविषयी, निवडणुकीविषयी आणि माळरानाविषयी या सेवेतून माझ्या पदरात नेमके काय पडले, त्याचा हा ताळेबंद आहे. त्यात एका बाजूला मुंबईहून चालणाऱ्या राज्यभरच्या वाहिन्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला आमच्या शहराच्या केबलवर रविवारी रात्री लागणारा अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम आहे. वाहिन्यांची नावे घेऊन डावे-उजवे करण्यात अर्थ नाही, कारण आवाज बंद करून आणि कोपऱ्यातले चिन्ह झाकून पाहिले तर मला त्या एकमेकींपासून ओळखता येत नाहीत. रविवारचा कार्यक्रम कोणता, हे सोलापुरात केबल पाहणाऱ्याला सांगावे लागणार नाही.

सुरुवात सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणापासून करणे भाग आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीवर ‘उजनी उणे’ हे शब्द रोज दिसत होते आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो आकडा उणे ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता. एका रात्री जेवताना आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “शून्याच्या खालीसुद्धा पाणी असतं, ते कसं काय?” प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर मी पाहत असलेल्या एकाही वाहिनीने त्या दोन महिन्यांत दिले नाही. तळाशी आकडा, वर भेगाळलेली जमीन, मागे गंभीर संगीत आणि ‘सोलापूरकरांची चिंता वाढली’ हे निवेदिकेचे वाक्य, एवढाच ऐवज रोज मिळत असे. भेगाळलेल्या जमिनीचे ते दृश्यसुद्धा इतक्या वेळा फिरवले गेले, की त्यातले बाभळीचे वाळके खोड आमच्या नातवालाही पाठ झाले होते.

रविवारच्या कार्यक्रमाने याच प्रश्नावर पूर्ण एक भाग केला. निवेदक स्टुडिओतल्या टेबलामागे बसण्याऐवजी कुठल्याशा शाळेच्या वर्गात काळ्या फळ्यासमोर उभा होता आणि त्याने खडूने धरणाचा उभा छेद काढला होता. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचे राखीव पाणी, आणि वरचा ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त या वरच्या भागाची. त्यामुळे उणे ६० याचा अर्थ ५३.५७ च्या ६० टक्के, म्हणजे सुमारे ३२ टीएमसी पाणी मृतसाठ्यातून उचलले गेले आहे आणि खाली अजून साडेएकतीस टीएमसीच्या आसपास शिल्लक आहे, ज्यातून साचलेला गाळ वजा करावा लागेल. मी लगेच वही घेऊन गणित करून पाहिले, ते बरोबर आले. त्या हिशेबाने धरणाचा तळ उणे १०० ला लागत नाही, कागदोपत्री तरी तो उणे ११९ च्या जवळ लागतो. एवढे समजावल्यावर निवेदकाने धीर देऊन विषय मिटवला नाही, हे मला विशेष वाटले. पातळी खाली गेली की जलवाहिनीच्या उपशासाठी दुबार आणि मग तिबार पंपिंग करावे लागते, कालव्यावर अवलंबून असलेल्या उसाचे आणि केळीचे काय होते, आणि शहरासाठी भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडायचे म्हटले तर शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी का सोडावे लागते, हे त्याने त्याच फळ्यावर दाखवले. नदीतून येणारे पाणी वाटेत मुरते, उन्हाने उडते आणि काठावरच्या मोटारी ते खेचतात. ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी कशासाठी हवी होती, हे मला त्या रात्री प्रथमच नीट कळले. तोपर्यंत मला ती केवळ एक भूमिपूजनांची मालिका वाटत होती.

उजनीचा विषय राजकारणाशिवाय पुरा होत नाही आणि तो पर्यावरणाशिवायही पुरा होत नाही. २०२१ साली उजनीत येणारे पाच टीएमसी सांडपाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरकडे नेण्याचा निर्णय झाला, सोलापूर जिल्ह्यातून विरोध उसळला आणि महिनाभरातच तो निर्णय रद्द करावा लागला. त्या वेळी वाहिन्यांवर पालकमंत्री, आंदोलक, आमदार, माजी आमदार असे सगळे दिसले. ज्या शब्दावर सगळे प्रकरण उभे होते तो ‘सांडपाणी’ हा शब्द मात्र कोणी उचलून पाहिला नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या जे काही वाहून आणतात ते भीमेतून याच जलाशयात उतरते आणि आम्ही ते शुद्ध करून पितो. मग त्यातले पाच टीएमसी कोणाचे, हा वाद घालण्याआधी ते पाणी कोणत्या प्रतीचे आहे, हे दाखवायला कॅमेरा चालला असता. हिवाळ्यात मात्र हेच कॅमेरे न चुकता भिगवणला जातात आणि रोहित पक्ष्यांच्या थव्यांवरून ड्रोन फिरवतात. दृश्ये देखणी असतात, त्याबद्दल तक्रार नाही. त्या गुलाबी थव्याखालच्या पाण्याचा हिरवा रंगही त्याच चौकटीत असतो, पण त्यावर अवाक्षर निघत नाही.

आता स्वतःचा एक अनुभव सांगतो. आमच्याकडे साखर पेठेत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, आणि येते तेव्हा ते रात्री दोनला येईल की पहाटे पाचला, याचा भरवसा नसतो. २०२४ च्याच उन्हाळ्यात एका राज्यभरच्या वाहिनीचा प्रतिनिधी बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, घेऊन गल्लीत आला. त्या वेळी पाणी येऊन गेलेले होते, घागरी भरून घरात गेल्या होत्या. त्याने शेजारच्या अक्कांना आणि आणखी चौघींना रिकाम्या घागरी पुन्हा बाहेर आणून रांगेत ठेवायला सांगितले, आणि त्या बिचाऱ्यांनी ठेवल्याही. मग तो माझ्याकडे वळला. मी त्याला सांगितले, की पाणी येते पण दाब नसतो, वरच्या टोकाला पहिली वीस मिनिटे नुसती हवा येते, मोटारी लावणारे खेचून घेतात आणि वेळापत्रक छापलेले असूनही पाळले जात नाही. तो म्हणाला, “काका, थोडक्यात सांगा. पाणी मिळतं का नाही?” मी म्हणालो, “वेळेवर नाही मिळत.” रात्री साडेआठला माझा चेहरा दिसला, तोंडून ‘नाही मिळत’ एवढेच शब्द बाहेर पडले आणि खाली पट्टी आली, ‘सोलापूरकर तहानेने व्याकूळ’. ‘वेळेवर’ हा शब्द कापला गेला होता. गल्लीतल्या पोरांनी पुढचे आठ दिवस मला ‘व्याकूळ काका’ म्हणून हाक मारली. त्याचे काही वाटले नाही, पण ज्या चार गोष्टींवर महापालिकेला खरोखर जाब विचारता आला असता त्या चारही गळून पडल्या आणि तहानेचे एक सर्वसाधारण चित्र उरले, जे कोणाच्याच अंगाला लागत नाही.

मी त्या वाहिनीला लेखी तक्रार केली. जून २०२१ मध्ये केबलच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार प्रेक्षकाच्या तक्रारीची पोच वाहिनीने चोवीस तासांत द्यायची असते आणि पंधरा दिवसांत निकाल कळवायचा असतो. तेथे समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे आणि त्याहीपुढे केंद्राच्या समितीकडे जाता येते. पोच मला मिळाली, निकाल आलाच नाही, आणि पुढच्या पायरीवर जाण्याचा कंटाळा मी केला, हे कबूल करतो. ज्यांना चिकाटी आहे त्यांनी प्रक्षेपणाची तारीख आणि वेळ त्याच दिवशी लिहून ठेवावी, तक्रारीत तीच पहिली विचारतात.

चिमणीचे प्रकरण थोडक्यात सांगता येईल. १५ जून २०२३ रोजी विमानांना अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, तेव्हा दिवसभर सगळ्या वाहिन्या सोलापुरात होत्या, आणि ती कोसळतानाचे दृश्य रात्रीपर्यंत उलटसुलट गतीने दाखवले गेले. विमानतळ हवा की कारखाना, असा सामना लावून चर्चाही झाल्या. गोव्याचे पहिले नियमित विमान उडाले ते ९ जून २०२५ ला, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. मधल्या काळात सभासदांच्या उसाचे काय झाले, पुढचा गळीत हंगाम कसा गेला, अडथळा दूर झाल्यावरही विमानाला एवढा वेळ का लागला, यांपैकी एकाही प्रश्नासाठी त्या दिवशी आलेल्या गाड्यांतील एकही गाडी परत आलेली मी पाहिली नाही. रविवारच्या कार्यक्रमालाही येथे पैकीच्या पैकी गुण देता येत नाहीत. त्याने या विषयावर दोन भाग केले, पण दोन्हींत दोन्ही बाजूंना सारखा वेळ देण्याच्या काळजीने निवेदक इतका अवघडलेला होता, की शेवटी मिळाली ती दोन भाषणे. जाहिराती कोणाकोणाच्या येतात ते पाहिले की या अवघडलेपणाचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

डिसेंबर २०२४ मधले मारकडवाडी त्याहून बोलके होते. माळशिरस तालुक्यातील त्या गावाने विधानसभेच्या निकालावर शंका घेऊन ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर अभिरूप मतदान घेण्याचे ठरवले, प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि गावकऱ्यांना बेत मागे घ्यावा लागला. त्यानंतर देशभराचे कॅमेरे आणि पुढारी गावात पोहोचले. मी पाहिलेल्या चर्चांत ‘यंत्रात घोटाळा आहे’ आणि ‘हा लोकशाहीचा अपमान आहे’ या दोन वाक्यांच्या पलीकडे गाडी गेली नाही. गावातील केंद्रांवर आधीच्या निवडणुकांत कोणाला किती मते पडली होती आणि या वेळी किती पडली, मतदान संपल्यावर उमेदवाराच्या प्रतिनिधीला १७-सी नमुन्यात कोणती माहिती मिळते, मत कोणाला गेले ते दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या चिठ्ठ्या कधी आणि किती केंद्रांवरच्या मोजतात, हे कोणी फळ्यावर मांडले असते तर माझ्यासारख्या माणसाला स्वतःचे मत बनवता आले असते. चर्चेत सहा चौकटी, सहाही तोंडे एकाच वेळी उघडी, आणि निवेदक ‘एका शब्दात उत्तर द्या’ म्हणतो आहे, हे चित्र आता इतके रुळले आहे की त्यावर चिडण्यातही नवीन काही उरलेले नाही. टीआरपीच्या घोटाळ्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांची वेगवेगळी गुणसंख्या जाहीर होणे थांबले होते. स्पर्धेचा आकडाच नसेल तर आवाज खाली येईल, अशी माझी भाबडी अटकळ होती. आवाज होता तेवढाच राहिला.

राज्यभरच्या वाहिन्यांना श्रेय द्यायचे तर ते सप्टेंबर २०२५ च्या पुराचे द्यावे लागेल. सीनेला आलेल्या पाण्याने माढा, मोहोळ आणि उत्तर सोलापूरची गावे वेढली, लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद ठेवावा लागला, आणि त्या चार-पाच दिवसांत कोणत्या गावाचा रस्ता तुटला आहे, कोठे माणसे छतावर अडकली आहेत, हे आम्हाला कळले ते याच वाहिन्यांमुळे. कंबरभर पाण्यात उभे राहून बोलण्याची नाटकी हौस काही प्रतिनिधींनी भागवून घेतली खरी, पण बहुतेक तालुक्याची पोरे होती, बातमीगणिक पैसे मिळवणारी, आणि त्यातल्या कित्येकांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरले असावे. पाणी ओसरल्यावर जे सुरू होते, ते पंचनामे, खरवडून गेलेली जमीन, वाहून गेलेल्या जनावरांची नोंद, बँकेचा हप्ता, त्यासाठी रविवारचाच कार्यक्रम लावावा लागला. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीनाकाठी एवढे पाणी आले कसे, वरच्या धरणांतून ते कोणत्या क्रमाने सुटले, हेही त्यानेच विचारले. उत्तर अर्धवट मिळाले, पण कोणत्या कार्यालयाने उत्तर दिले नाही हे त्याने पडद्यावर लिहून दाखवले.

या कार्यक्रमाचा मला सर्वांत आवडलेला भाग विडी कामगार बायकांवरचा आहे. सुरुवातीची चार मिनिटे निवेदन नाही, संगीत नाही. कॅमेरा जमिनीवर ठेवलेला, समोर सुपात भिजवलेली टेंभुर्णीची (तेंदूची) पाने, आणि कात्रीचा आवाज. पत्र्याचे माप पानावर ठेवायचे, चार बाजूंनी कापायचे, चिमूट तंबाखू, एक वळसा, दोरा, आणि नखाने तोंड दुमडायचे. अंगठ्याच्या नखाचा रंग कॅमेऱ्याने एवढ्या जवळून दाखवला, की आमच्या अक्का उठून आपल्या हातांकडे पाहू लागल्या. मग हजार विड्यांचा हिशेब आला, मोजणीच्या वेळी नापास म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जातात आणि त्या विड्याही परत मिळत नाहीत, ही एका बाईची तक्रार आली. त्यानंतर एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आलेल्या इशाऱ्याची बाजूही आली. तंबाखू माणूस मारते आणि तीच या शहरातल्या हजारो चुली पेटवते, या दोन गोष्टी शेजारी ठेवून कार्यक्रम थांबला. पुढच्या रविवारी तो कुंभारीच्या रे नगरला गेला. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते तेथील पंधरा हजार घरे कामगारांना दिली गेली, तेव्हा पंतप्रधानांचा गहिवरलेला आवाज सगळ्या देशाने ऐकला होता. कार्यक्रमाने किल्ली मिळालेल्या बाईबरोबर बसने शहरापर्यंतचा प्रवास केला आणि घर मिळाल्यावर काम किती लांब गेले, ते तिकिटाच्या पैशांत मोजले. तिला घर आवडले होते, हेही त्याने कापले नाही.

सह्याद्रीच्या सातच्या बातम्या मी अजून लावतो. तेथे ओरडा नसतो आणि वाक्ये पूर्ण होतात. सोलापूरचे नाव मात्र शासकीय बैठकीच्या निमित्तानेच ऐकू येते. पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत त्या वेळी तेलुगू वाहिन्या चालू असतात, होटगी रस्त्याकडे कन्नड, त्यामुळे गल्लीतून फिरताना तीन भाषांतला आरडाओरडा कानावर पडतो. त्याचा सूर एकच असतो.

नान्नजच्या माळरानावरच्या माळढोक पक्ष्यावर राज्यभरच्या वाहिन्यांनी काही केलेले माझ्या पाहण्यात नाही. १९७९ साली अभयारण्य झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, म्हणजे त्यात गावे, शेती, रस्ते सगळेच आले. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. मधल्या काळात पक्षी जवळजवळ संपला आणि अभयारण्यामुळे जमिनीचे व्यवहार अडले म्हणून शेतकऱ्याच्या मनात त्या पक्ष्याविषयी राग तेवढा साचला. रविवारच्या कार्यक्रमाचा माणूस दोन पहाटे माळावर जाऊन बसला. माळढोक दिसला नाही. त्याने रिकामे गवत दाखवले, दूरवर वीजवाहक तारा दाखवल्या, एक काळवीट पळाले ते दाखवले, आणि जमीन अडकलेल्या एका म्हाताऱ्याला विचारले, की पक्षी परत आला तर काय कराल. म्हातारा बराच वेळ गप्प राहिला आणि तो गप्प राहिलेला वेळ त्यांनी कापला नाही.

दोष आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ध्वनिमुद्रण इतके कच्चे असते, की वारा सुटला तर बोलणाऱ्याचे अर्धे शब्द जातात. पडद्याचा खालचा तिसरा हिस्सा साड्यांच्या दुकानांच्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या पट्टीने झाकलेला असतो. धरणाच्या त्या फळ्यावरचा ६३.६६ हा आकडा एका नगरसेवकाच्या फेट्याआड गेला होता आणि मला तो पुनःप्रसारणात पाहावा लागला. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या काळात तर कार्यक्रम होतच नाही, कारण नंदीध्वजांचे आणि अक्षता सोहळ्याचे थेट प्रक्षेपण असते, आणि त्याला कोणी सोलापूरकर हरकत घेणार नाही. चादर आणि टॉवेलच्या धंद्यावर मात्र या मंडळींनी जरा जास्तच जपून बोलायचे ठरवलेले दिसते. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा बळी गेला, त्यानंतर कारखान्यांच्या आवारात माणसे राहतात कशी आणि बाहेर पडायच्या वाटा किती, हा भाग मी दर रविवारी अपेक्षेने लावत होतो. तो अजून आलेला नाही.

पाच पैकी गुण द्यायचेच तर राज्यभरच्या वाहिन्यांना पुराच्या आठवड्यासाठी चार आणि उरलेल्या वर्षासाठी दीड. रविवारच्या कार्यक्रमाला साडेतीन, आवाज सुधारला तर चार. वेळ रात्री साडेनऊची आहे. त्याच रात्री नळाला पाणी सुटायचे असेल तर घरातले कोणी टीव्हीसमोर बसत नाही. पुनःप्रसारण सोमवारी दुपारी अडीचला असते, आमच्याकडे बहुतेक वेळा तेच पाहिले जाते.